नव्या वर्षी रुजू होताना

जानेवारीत मला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. अष्टमीहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की रोहे, पुढे धाटाव. पुण्यात पगार अधिक मिळाला असता. पण वडील अंथरुणाला खिळलेले. निर्णय घेताना १९१३चा जानेवारी वारंवार आठवे. बाबासाहेब बडोदे संस्थानाच्या नोकरीत नुकतेच रुजू झाले होते, तोच वडिलांच्या आजाराचे वर्तमान आले. २ फेब्रुवारीस रामजी सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस गेले, हे शाळेत आपण अभिमानाने सांगत असू. त्या अल्पकाळच्या नोकरीविषयी मात्र क्वचितच बोललो. मला आता तीच अधिक जवळची वाटते. दुसऱ्या पाळीहून रात्री परतलो तरी वडील जागेच असतात. आज काय काम केलेस, हे तपशिलाने विचारतात.