आधी पोती, मग कौलं

पुणे, रविवार

चि. समीर,


आधी पीसी बंद कर, मग पुढचं वाच. मोबाइलवर पाठवलेला लांब मजकूर तू अर्धाच वाचतोस, म्हणून कागदावर लिहितेय.

फोनवर तू सांगितलंस त्यावरून निदान फारसं अवघड नाही. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, दादाच्या फोटोंचं ठरावीक फोल्डर उघडलं की सगळं गोठतं, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दाखवतंय. तू वाचून दाखवलेल्यांतला ‘करंट पेंडिंग सेक्टर’ हा आकडा महत्त्वाचा. ज्या जागा डिस्कला वाचता येत नाहीत, पण ज्यांची आशा तिने अजून सोडलेली नाही, त्यांची ती मोजदाद. कालपेक्षा आज तो वाढलाय म्हणालास. वाढतोय म्हणजे डिस्क जाणार. सीआरसीचा आकडा वाढत असता, तर मी तुला नुसती साटाची केबल बदलायला सांगितलं असतं. तेवढं स्वस्तात सुटणारं हे दुखणं नाही.

गूगलने 2007 साली स्वतःच्या वापरातल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता धडधाकट डिस्कपेक्षा 39 पट निघाली. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार मुख्य लक्षणांतलं एकही आधी दाखवलं नव्हतं. तुझ्या डिस्कने दाखवलं, हे तुझं नशीब.

दुकानातला मुलगा ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ म्हणाला. त्याला मी दोष देणार नाही. लोक त्याच्याकडे पीसी चालू करून घ्यायला येतात. पण तुला पीसी चालू करायचाच नाहीये! पीसी पैसे टाकले की नवा येतो. 2019 च्या पुरात घरातले सगळे अल्बम गेले, त्यांचे दादाने आधी केलेले स्कॅन फक्त या डिस्कवर आहेत, आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्याही तिथेच. छप्पर गळायला लागलं की धान्याची पोती आधी हलवतात, कौलं मागाहून बघतात.

म्हणून ‘चेक डिस्क’ चालवू नकोस. ते फायलींची नोंदवही दुरुस्त करतं, डिस्क नाही. आणि त्या नादात आजारी डिस्कवर लिहीत सुटतं, तुटक्या फायली छाटून टाकतं. डीफ्रॅग नको, अँटिव्हायरसचं स्कॅन नको. फोटोंचं फोल्डर मोठ्या चित्रांच्या रूपात उघडू नकोस, कारण ती चित्रं दाखवायला विंडोज एकेक फाइल वाचायला जातं. तुझ्या मित्राने सुचवलेला फ्रीझरचा उपाय तर सांगलीच्या दमट हवेत कुणी करूच नये. बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. झाकण उघडून बघण्याचा मोहही आवर. आतली तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावरून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. धुराचा कण त्याहून कितीतरी मोठा असतो.

आता कामाचं. जुन्या डिस्कपेक्षा मोठी नवी डिस्क घे. दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनव आणि पीसी त्यावरून सुरू कर, म्हणजे विंडोज जुन्या डिस्कला हात लावणार नाही. तिथे जीएनयू डीडीरेस्क्यू वापरायचं. अंतोनिओ दियाझ दियाझ नावाच्या गृहस्थांनी लिहिलेलं, फुकट आणि माझ्या मते या कामासाठी पैसे देऊन मिळणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरपेक्षा शहाणं. साधी कॉपी खराब जागी अडते आणि डिस्कला तिथेच घासत बसते. हे मात्र पहिल्या फेरीत सहज वाचता येईल तेवढं उचलतं, अडलं की पुढे सरकतं, आणि कुठे अडलं ते मॅप फाइलमध्ये टिपून ठेवतं. अवघड जागांकडे ते शेवटी वळतं. मध्येच लाइट गेली तरी त्या फाइलमुळे काम पुढे तिथूनच सुरू होतं; तुमच्या यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. मॅप फाइल मात्र पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवू नकोस, दुसऱ्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर ठेव. आणि एंटर दाबण्याआधी कुठून कुठे हे डिस्कच्या सीरियल नंबरवरून ताडून बघ. उलटं झालं, तर कोरी डिस्क जुनीवर उतरेल आणि मग कुणीच काही करू शकणार नाही.

फायली शोधायच्या, फोटो उघडून बघायचे, ते सगळं नंतर, त्या प्रतीवर. सिनेमे आणि गाणी गेली तर जाऊ देत.

हे चालू असताना कट्-कट् असा ठेक्यात आवाज आला, तर विचार करत बसू नकोस, वायर ओढ. मग ते घरचं काम राहत नाही. धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरीवाल्याकडेच द्यावं लागतं, आणि तिथले आकडे ऐकून दादाने आधी स्कूटर विकली असती. देण्याआधी ‘डेटा मिळाला नाही तर किती घेणार’ हे लिहून घे.

काम झालं की एकाच प्रतीवर समाधान मानू नकोस. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हिशेब आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. तू नवी एसएसडी घेशील, ती न कुरकुरता एका क्षणात मरू शकते, म्हणून ती असली तरी सुटका नाही. दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घे आणि ती कायम जोडून ठेवू नकोस. विजेचा झटका आला किंवा व्हायरस शिरला तर दोन्ही एकदम जातील. तिसरी सांगलीत ठेवायची नाही. कृष्णेचं पाणी कुठपर्यंत येतं ते तू पाहिलं आहेस.

ती तिसरी डिस्क माझ्याकडे पाठव. आजीच्या ओव्या माझ्याकडेही नाहीत.

तुझी,
आत्या