कार्बन घे, पण मे महिना लक्षात ठेवून

जळगाव, एप्रिल अखेर

प्रिय दोस्ता,

तुझी यादी मिळाली. पुढचा मडगार्ड, टाकीच्या दोन्ही बाजूंची कव्हरं, हेडलाइटचा व्हायझर, चेन गार्ड, सीटमागचं शेपूट, सगळं कार्बन फायबरचं. आणि हे सगळं दिवाळीत स्टुटगार्टहून येताना बॅगेत घालून आणायचं! वाचून मला फार बरं वाटलं. धुळ्याच्या घरी झाकून ठेवलेल्या ड्यूक 390 मध्ये तुझा जीव अजून अडकलाय, हे त्या यादीतून कळलं. म्हणून तू एका ओळीत विचारलंस, ‘कोणते पार्ट घेऊ?’ तरी मी लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बस.

वजनाचं आधी मिटवून टाकू. गाडी दीडशे किलोच्या वरची. मडगार्ड आणि कव्हरं प्लास्टिकची काढून कार्बनची लावलीस तर फरक पडेल तो ग्रॅममध्ये. एक लिटर पेट्रोल सुमारे 740 ग्रॅमचं असतं, म्हणजे टाकी थोडी कमी भरलीस तरी तेवढंच हलकं होतं. ड्युकाटीने 2020 मध्ये सुपरलेजेरा व्ही-4 काढली, तिची फ्रेम, स्विंगआर्म आणि चाकंसुद्धा कार्बनची होती. तिथे वजन मोजण्यात अर्थ आहे. आपण देखणेपणासाठी घेतोय, तर ते मोकळेपणाने मान्य करू आणि देखणेपण टिकेल कसं, एवढंच बघू. आपल्या खान्देशात खरा प्रश्न टिकण्याचाच आहे भो.

जो तो विचारतो, ‘थ्री-के आहे का? ओरिजिनल विणीचा आहे का?’ मी चटईच्या कारखान्यात काम करतो, त्यामुळे विणीचं मला कौतुक आहेच. पण उन्हाने काय होतं ते मी रोज बघतो. चटईच्या प्लास्टिकच्या दाण्यात यूव्ही किरण अडवणारा माल घातला नाही, तर अंगणात अंथरलेली चटई एखाद्या उन्हाळ्यातच कुरकुरीत होऊन तुटायला लागते. कार्बन फायबरमध्ये धाग्याला ही भीती नाही. अॅक्रिलिकच्या जातीचा तंतू प्राणवायू न लागू देता हजार अंशांच्या वर तापवतात, बाकीचं बहुतेक सगळं उडून जातं आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. एकेक तंतू साधारण 7 मायक्रॉनचा, आणि असे तीन हजार तंतू एका पेडात असले की तो थ्री-के. इतक्या आगीतून गेलेल्या धाग्याला आपला मे महिना काय करणार?

ऊन लागतं ते रेझिनला. धागे धरून ठेवणारं इपॉक्सी आणि त्यावरचा क्लिअर कोट हीच या पार्टची नाजूक जागा. नुसतं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, मग त्यावर पांढुरकी भुकटी धरते. इथल्या एका ओळखीच्या पोराने सीटमागचं कव्हर हौसेनं बसवलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात ते दुधाळ झालं आणि वरून हात फिरवला की विणीची खरखर बोटांना लागायची. धागा आत अगदी ठणठणीत होता.

त्यात उष्णतेची भर. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो हे तुला सांगायला नको. पण ते हवेचं तापमान. उन्हात उभ्या केलेल्या काळ्या पत्र्याचं तापमान सत्तरच्या पुढे सहज जातं. हाताने रेझिन लावून, खोलीच्या तापमानालाच सुकवलेला ‘वेट कार्बन’ साठ-सत्तरला नरमायला लागतो. उन्हात तो आणखी थोडा पिकतो, आक्रसतो, आणि खालची वीण वर उमटते. ‘ड्राय कार्बन’मध्ये कापडात रेझिन कारखान्यातच मोजून भरलेलं असतं, ते फ्रीझरमध्ये ठेवतात, मग व्हॅक्यूमची पिशवी लावून ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली 120 ते 180 अंशांवर भाजतात. जे आधीच तेवढ्यावर भाजून निघालंय ते आपल्या उन्हात वाकत नाही. पण लक्षात ठेव, ड्राय कार्बनलाही वरून यूव्हीवाला क्लिअर लागतोच. तेव्हा दुकानदाराला माझ्या वतीने दोन गोष्टी विचार: पार्ट किती अंशांवर भाजलाय आणि वर टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून मारलेला, पीयू क्लिअर आहे का. पिवळा पडला तर बदलून देणार का, तेही लेखी घे. याची उत्तरं नीट आली तरच विणीवर ये.

वीण तपासायला मोबाइलची बॅटरी पुरे. उजेड तिरपा धरून हलव. खऱ्या ट्विलमध्ये, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या विणीत, एक पट्टा चमकतो तेव्हा शेजारचा काळा पडतो, आणि कोन बदलला की अदलाबदल होते, कारण धागे वेगवेगळ्या दिशांना गेलेले असतात. आमच्या चटईचे ताणे-बाणे उन्हात असेच आळीपाळीने उजळतात. छापील फिल्म कुठूनही सारखीच दिसते, आणि वळणावर तिची नक्षी रबरासारखी ताणलेली असते. मग पार्ट उलटा कर. माझं ऐकशील तर पुढून कमी आणि मागून जास्त बघ. मागे पांढुरकी काचेच्या तंतूंची गादी दिसली तर तो फायबरग्लास आहे, वर कार्बनचा एक थर चिकटवलेला. तो वाईट असतो असं नाही, पण किंमत त्याची द्यायची. नट-बोल्टच्या भोकांच्या कडा आणि कापलेले काठ बघ. काठ रेझिनने बंद केलेले नसतील, धागे उघडे पिंजारलेले असतील, तर तो माल परत कर. टाकीची दोन्ही बाजूंची कव्हरं शेजारी ठेवून विणीचा कल बघायला विसरू नकोस. डावं आणि उजवं आरशातल्यासारखं जुळलं पाहिजे. घाईच्या मालात हे कधीच जुळत नाही.

आता तुझी यादी. मी त्यातलं निम्मं कापणार आहे, रागावू नकोस. पुढचा मडगार्ड राहू दे कंपनीचाच. सुरत-नागपूर हायवेवर डंपरमधून उडणारी खडी तुला आठवत असेल, ती पहिली मडगार्डला आणि पुढच्या पॅनलला लागते. कंपनीचं प्लास्टिक लवचीक असतं, ते वाकून सावरतं. कार्बनवर क्लिअरचा टवका उडतो आणि पावसाळ्यात तिथून पाणी आत शिरतं. सीटमागचं शेपूट दिवसभर आभाळाकडे तोंड करून असतं, म्हणून तेही नको. टाकीच्या बाजूची कव्हरं घे. ती उभी आहेत, भर दुपारचं ऊन त्यांच्यावर तिरपं पडतं, नजरही तिथेच जाते. चेन गार्ड आणि टाचेजवळची छोटी पॅनलं घे, ती सावलीत असतात आणि जवळून फार सुंदर दिसतात. व्हायझर घेतलास तर फक्त ड्राय. सायलेन्सरजवळ मात्र काहीही नको, तिथलं रेझिन ऊन नसतानाही भाजत राहतं. वाचलेल्या पैशांत हे मोजके पार्ट उत्तम प्रतीचे येतील. सगळ्या गाडीभर स्वस्त कार्बन लावण्यापेक्षा मला हे शंभरदा पटतं.

फिटिंग मी स्वतः उभा राहून करून घेईन. एका सिलिंडरचं इंजिन थरथरतं, आणि बोल्ट कचकचून आवळला की कार्बनला भोकापासून तडा जातो. म्हणून प्रत्येक ठिकाणी रबरी बुश आणि नायलॉनचा वॉशर. बोल्ट स्टेनलेसचे आण, अॅल्युमिनियमचे रंगीत नकोत. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून ओले राहिले की अॅल्युमिनियम गंजून जातं. भोक मोठं करायची वेळ आली तर मास्क लावून आणि पाणी मारत करू, ती काळी धूळ छातीत जाऊ देण्यासारखी नाही. भावाला सांग, गाडी धुताना कोरड्या फडक्याने पुसू नकोस. आपल्या काळ्या मातीची धूळ क्लिअरवर पॉलिश पेपरसारखी ओरखडे काढते. आधी पाणी सोडायचं, मग पुसायचं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. आर.सी.वर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शोभेच्या कव्हरांनी त्या नोंदीला धक्का लागत नाही. एमएच-18 ची नंबर प्लेट, इंडिकेटर आणि सायलेन्सर यांना मात्र हात लावू नकोस. आणि मागच्या चाकावरचा साडी गार्ड! गाडी नीट दिसावी म्हणून पोरं तो पहिला काढतात. नियमाप्रमाणे मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला असलाच पाहिजे, पण नियम सोड. काकू तुझ्या मागे बसून देवीच्या दर्शनाला जाणार आहेत. साडीचा पदर चाकात गेला तर काय होतं, ते आपण दोघांनी शिरपूरच्या रस्त्यावर पाहिलंय. तो गार्ड कुरूप दिसला तरी राहील, यावर मी ऐकणार नाही.

एक गंमत तुला सांगायचीच होती. 2022 मध्ये रिलायन्सने हजिऱ्याला 20,000 टन क्षमतेचा कार्बन फायबरचा कारखाना उभारायचं जाहीर केलं. आणि आपला जुना सहा नंबरचा, आताचा 53 नंबरचा हायवे तिथूनच, हजिऱ्यापासून सुरू होतो. सुरत, नवापूर, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव. तुझी ड्यूक तर आपल्याच राज्यात, चाकणला तयार झाली. उद्या तिला लावायचा धागाही याच रस्त्याने आला तर मला केवढा अभिमान वाटेल! फायबरच्या मूर्ती आणि बागेतल्या घसरगुंड्या करणारे तयार हात आपल्याकडे आहेतच. त्यांना व्हॅक्यूमची पिशवी आणि भाजायची भट्टी मिळाली, तर पुढचा सेट तू स्टुटगार्टहून आणायची गरज राहणार नाही. आमच्या एमआयडीसीत मी दोघा-तिघांशी याबद्दल बोलायला लागलोय.

आता तू एवढंच कर. भावाकडून आर.सी.चा फोटो मागवून मॉडेलचं वर्ष कळव. 2013 ची, 2017 ची आणि त्यानंतरची नवी ड्यूक, तिन्हींची कव्हरं वेगळी आहेत, एकाची दुसरीला बसत नाहीत. ऑर्डर देण्याआधी पार्टच्या मागच्या बाजूचे फोटो मला पाठव. आणि आलास की धुळ्याहून थेट इकडे ये, तोवर भरिताची वांगी बाजारात आलेली असतील.

तुझाच,
जळगावकर