निजायचे केव्हा?

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात काही कामानिमित्त इंदूरला जाण्याचा योग आला. रामबागेत माझे मामा राहतात. वय ऐंशीच्या घरातले. पहिल्या रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी विचारले, "काय रे, आज निजायचे केव्हा?" प्रवासाने अंग आंबले होते, शिवाय म्हाताऱ्या माणसास आपल्यापायी जाग्रण नको, म्हणून मी म्हणालो, "आत्ताच, मामा." "बरे," एवढेच बोलून ते उठले. दुसऱ्या रात्रीही तोच प्रश्न, तेच उत्तर आणि तेच 'बरे'. मामी गेल्यापासून ते अबोल झाले आहेत हे ठाऊक असल्याने मला त्यात काही वावगे वाटले नाही.

तिसऱ्या सकाळी मामेभावाची पत्नी चहा देताना हळूच म्हणाली, "भाऊजी, बाबा दोन्ही रात्री मफलर गुंडाळून बसले होते, तुम्हांला सराफ्यात न्यायचे म्हणून. तुम्ही निजतो म्हणालात की काढून ठेवतात."

मी ओशाळलो. मामांनी माझ्या झोपेची वेळ विचारलीच नव्हती. माझी रात्र मोकळी आहे का, एवढेच त्यांना हवे होते.

लहानपणी आमच्या शाळेत एक स्पॅनिश फादर होते. त्यांनी हौसेने आम्हांला चार वाक्ये शिकविली होती. 'आ के ओरा ते आकुएस्तास?' म्हणजे 'तू किती वाजता आडवा होतोस?' त्यांतील 'आकोस्तार' हे क्रियापद बरगडी, कूस या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. म्हणजे आपल्या 'कुशीवर होणे' याचेच भावंड. झोप लागण्यास त्यांचा शब्द निराळा, 'दोर्मिर्से'. वडीलधाऱ्यांना विचारताना 'ते' जाऊन 'से' येतो, जसा आपला 'तू' जाऊन 'तुम्ही'. त्यांच्या देशात रात्रीचे जेवणच नऊ-दहाला होते. तेथे हा प्रश्न कोणी मित्रास केला, तर तो त्यास अंथरुणाकडे धाडीत असतो की बाहेर बोलावीत असतो, हे ऐकणाऱ्याने ओळखावयाचे. मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतच्या वेळेला ते 'माद्रुगादा' म्हणतात. आपली उत्तररात्र आणि पहाट त्या एका शब्दात मावतात.

इंदूरलाही असा एखादा शब्द शोभला असता. राजवाड्याजवळचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार. संध्याकाळी पेढ्यांची दारे बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात, आणि रात्री दोनपर्यंत माणसांची दाटी असते. रात्री वर्दळ राहिली तर पेढ्यांना आपोआप राखण होते, असे जुने लोक सांगतात. थंडीत येथे गराडू मिळतो. हा कंद तळून, वर मसाला भुरभुरून आणि लिंबू पिळून देतात. मक्याच्या कोवळ्या कणसांचा कीस, आणि ताटलीएवढा जलेबा. (हा एकट्याने संपवू नये, मी अनुभवाने लिहितो.) एके काळी येथे कापडगिरण्यांच्या पाळ्या रात्रभर चालत. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. इतरही एकामागून एक थंडावल्या. मामा अशाच एका गिरणीत होते. दुसरी पाळी सुटली की ते घरी येत आणि मामीला घेऊन सराफा गाठीत.

तिसऱ्या रात्री जेवण झाले. मामांनी काहीच विचारले नाही. पेपर उघडून बसले. मफलर खुंटीवर होता. सकाळी माझी गाडी होती.

मी म्हणालो, "मामा, आज निजायचे केव्हा?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "तुला झोप येत असेल."

"मुळीच नाही."

"मग ते गराडूवाल्याला विचारावे लागेल," असे म्हणत ते उठले आणि सुनेला रिक्षा बोलवायला सांगितली.

सराफ्यात त्यांनी स्वतः चारच फोडी खाल्ल्या. बाकीचे माझ्यापुढे सारीत, कोणत्या ओट्याशी मामी उभी राहायची आणि भावावरून कशी हुज्जत घालायची, ते सांगत राहिले. घरी परतलो तेव्हा एक वाजून गेला होता. जिन्यावर दम खायला थांबले असता त्यांनी विचारले, "गाडी किती वाजता म्हणालास?"