पिवळा दिवा
भिलाईत पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या कारखान्यात मापकांवर विसंबून हयात घालवलेले एक गृहस्थ निवृत्तीनंतर कुरुदला राहिले. पौषातल्या पहाटे त्यांच्या मोटारीत टायरच्या दाबाचा पिवळा दिवा लागे आणि दुपारी मालवे. टायर धड होते. तापमान ५-६ अंशांनी उतरले, की दाब चौरस इंचामागे सुमारे १ पौंडाने घटतो, एवढेच. पण वारंवार सांगितलेले सत्यही माणसाला कटकट वाटू लागते. त्यांनी दिव्यावर चिकटपट्टी लावली. पुढे टायरमध्ये खिळा रुतला, तेव्हा दिवा पट्टीआड जळतच होता. हवा गेलेल्या चाकाशी उकिडवे बसले असता त्यांना उमगले, की पहाटेही तो खरेच सांगत होता. पट्टी निघाली. आता दरमहा, टायर थंड असतानाच, ते हवा तपासतात.