पत्र्याला पक्ष नसतो

रोहा आणि अष्टमी यांच्यामधून कुंडलिका वाहते, पण नगरपरिषद दोन्ही काठांची मिळून एकच आहे. अष्टमीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केलं, आता मी बघतो. खिळे, रंग, पाइप, सिमेंट, पत्रे असा नेहमीचा माल. दुकानापुढच्या बाकड्यावर सकाळी पेपर वाचायला बसणाऱ्यांत घड्याळवाले असतात, धनुष्यबाणवाले, मशालवाले, कमळवाले असतात आणि लाल बावट्याचे जुने शेकापवालेही असतात.

आमच्याकडचं राजकारण बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. रायगड लोकसभेला 2014, 2019 आणि 2024 अशा तिन्ही वेळा मुख्य लढत अनंत गीते आणि सुनील तटकरे यांच्यातच झाली. उमेदवार तेच, मात्र त्यांच्या शेजारी बसणारे पक्ष बदलत गेले. पहिल्या दोन वेळा भाजप गीत्यांच्या बाजूला होता, तिसऱ्या वेळी तटकऱ्यांच्या. मधल्या काळात, 2019 च्या अखेरीला, गीत्यांची शिवसेना आणि तटकऱ्यांची राष्ट्रवादी राज्यात एकत्र सत्तेत बसल्या. वरची मंडळी एका पंगतीला बसली, पण आमच्या आळीत 2014 च्या प्रचारात ज्यांचा अबोला झाला होता, ते तोवर एकमेकांच्या घरच्या बारशालाही जात नव्हते. नेत्यांचं जमतं, कार्यकर्त्यांचं तुटलेलं तसंच राहतं.

धंदेवाल्याला यातून वाट काढायची असते. वडिलांनी वर्गणीचा एक नियम घालून दिला होता. दहीहंडी असो, क्रिकेटचे सामने असोत, नाहीतर कुणा साहेबांचा वाढदिवस, पावतीपुस्तक घेऊन जो येईल त्याला आकडा एकच. बॅनरवर फोटो नाही आणि ‘सौजन्य’ म्हणून नावही नाही. सुरुवातीला पोरं रुसायची. ‘शेठ, त्यांना जास्त दिलंत’ असं कुणी म्हणालं की वडील पावत्यांची तार पुढे करायचे, स्वतःच बघून घे म्हणायचे. पुढे शेजारच्या काही दुकानदारांनीही हाच आकडा धरला आणि ती कुरबुर थांबली. एका ओळखीच्या दुकानदाराने प्रचाराच्या बॅनरवर हौसेने फोटो लावला होता. निकालानंतर समोरच्या गटाच्या लोकांनी त्याच्याकडे जाणंच सोडलं.

या नियमाची खरी परीक्षा निसर्ग चक्रीवादळाने घेतली. 3 जून 2020 रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. कोरोनाची टाळेबंदी पुरती उठलेली नव्हती, त्यात विजेचे खांब आडवे झाले आणि घरांवरची कौलं, पत्रे उडाले. वर पावसाळा तोंडावर. पत्र्याला इतकी मागणी आली की जिल्ह्यात ठिकठिकाणी चढ्या भावाने विक्री सुरू झाली.

आमच्याकडे पत्र्यांची पहिली गाडी लागली, तेव्हा माल उतरायच्या आत दोन पक्षांचे दोन कार्यकर्ते हजर झाले. एक म्हणाला, “शेठ, आख्खी गाडी आमच्या वाडीत उतरवा. रोख देतो, वर भाव काय असेल तो लावा.” दुसरा म्हणाला, “मग आमच्या लोकांनी आभाळ पांघरायचं काय?” मी फळ्यावर खडूने दर लिहिला, वादळाच्या आधी होता तोच. म्हटलं, माल यादीप्रमाणे जाईल आणि यादी तुम्ही दोघांनी मिळून करायची. दोघांची सही नसेल तर एकही पत्रा हलणार नाही.

दोघे बाकड्याच्या दोन टोकांना बसले. कागद म्हणून सिमेंट कंपनीच्या जुन्या कॅलेंडरची पाठ दिली. आधी अर्थातच भांडण झालं. “तुझ्या माणसाची पुढची पडवीच गेलीय, मागचं घर शाबूत आहे.” “तू बघितलंस काय?” “चल, दाखव.” मग दोघे एका मोटरसायकलवर बसून गेले. एकमेकांच्या मतदारांच्या घरांत शिरून वर बघत फिरले. परत आल्यावर त्यातल्या एकाने आपल्याच पक्षाच्या एका माणसाचं नाव खोडलं. म्हणाला, “याचे तीनच पत्रे फुटलेत, ताडपत्रीवर निभेल.” त्या जागी एका म्हाताऱ्या बाईचं नाव आलं. तिचं घर दुसऱ्या गटाच्या वस्तीत होतं. पत्रे, जे-हुक, वॉशर, सगळं त्या क्रमाने गेलं. पुढच्या गाड्यांना यादीसाठी मला सांगावंच लागलं नाही.

यातून कुणाचं मत बदललं नाही, बदलावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. 2024 ला ते दोघे मतदान केंद्राबाहेर समोरासमोरच्या टेबलांवर बसले होते. जानेवारी 2025 मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदावरून सत्तेतल्या मित्रपक्षांतच जुंपली, नेमणुकीला स्थगिती मिळाली, तेव्हा बाकड्यावरही आवाज चढले. तरी एकाच्या घरी आजारपण आलं की गाडी दुसऱ्याची जाते. लोकशाहीत विरोध हवाच, पण विरोधकाच्या घराचं छप्पर आपल्याला माहीत असलं पाहिजे.

दुकानदाराच्या हातात जे आहे, त्याहून कितीतरी जास्त मोठ्या कारखान्यांच्या हातात आहे. रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत आहे. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि राजकीय पक्षाला दिलेली देणगी त्यात धरली जात नाही. हा पैसा गावात येताना एखाद्या गटाच्या हातून आला, तर पाण्याची टाकीही पक्षाची होते. तोच सत्ताधारी आणि विरोधक दोघांच्या सहीने खर्च झाला, तर निदान टाकीपुरतं तरी दोघांना एकत्र बसावं लागेल. नोकरभरतीचंही तसंच आहे. जागा जाहीर फळ्यावर लागल्या आणि चिठ्ठीवर भरल्या नाहीत, तर तरुण पोराला झेंडा धरायची सक्ती उरत नाही.

व्यापारी बंधूंना माझं सांगणं एवढंच आहे. एकोप्यावर भाषणं देऊ नका, ती कुणी ऐकत नाही. दर एक ठेवा, वर्गणी एक ठेवा, उधारी देताना पक्ष विचारू नका. आणि मदत वाटायची वेळ आली, तर यादीवर दोन्हीकडच्या सह्या घेतल्याशिवाय गोदामाचं कुलूप काढू नका.