घसरणारी गाडी

चाक घसरू नये म्हणून माणसाने आजवर किती खटाटोप केला! रबरावर नक्षी कोरली, घाटातील रस्ते खरबरीत ठेवले, चिखलात फिरणाऱ्या चाकाखाली दगड आणि पालापाचोळा घातला. अशा जगात गाडी मुद्दाम घसरवण्याचा खेळ निघावा आणि त्यासाठी चाकांची पकड जाणूनबुजून कमी करावी लागावी, हे प्रथम ऐकणारास विपरीतच वाटते. या खेळास ‘ड्रिफ्टिंग’ म्हणतात. तो जपानात वाढला. कुनिमित्सु ताकाहाशी हा मूळचा मोटारसायकलस्वार. १९६१ साली मोटारसायकलींची ग्रां प्री शर्यत जिंकणारा तो पहिला जपानी ठरला. पुढे मोटारींच्या शर्यतीत तो वळणावर गाडी आडवी घसरवीत नेई. त्याचे पाहून केइची त्सुचिया या तरुणाने डोंगरातील वळणांवर हीच विद्या साधली आणि ‘ड्रिफ्ट किंग’ हे नाव मिळवले. रहदारीच्या रस्त्यावर हा खेळ प्राणावर बेततो. तो बंद मैदानावर खेळावा, अथवा खेळण्यातील गाडीवर. खेळण्यातील गाडीवर तो अधिक चांगला समजतो, असेही म्हणता येईल. कारण तेथे गाडी उलटली तर हसता येते.

घसरणे आणि भरकटणे यांत मोठा भेद आहे. या खेळात गाडीचे तोंड वळणाच्या आत, शेपटीकडचा भाग बाहेर, आणि पुढची चाके वळणाच्या उलट दिशेस वळलेली असतात. मागची चाके जमिनीवर नुसती घासत असतात. गाडी आता गरगर फिरणार असे पाहणारास वाटते. पण ती फिरत नाही, ठरल्या वाटेनेच जाते. घासत जाणाऱ्या चाकाची पकड न घसरणाऱ्या चाकाहून कमी असते आणि तेवढ्याच उरलेल्या पकडीवर सारा कारभार चालतो.

अशा लहान गाड्या खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या असतात. हातातील यंत्रातून रेडिओच्या लहरी निघतात व त्यांच्या इशाऱ्याने गाडी चालते. ही युक्ती फार जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव अशीच बिनतारी चालवून दाखवली, तेव्हा पाहणाऱ्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर राजूर हे गाव आहे. तेथील सातवीत शिकणाऱ्या एका मुलास अशी एक गाडी मिळाली. त्याच्या पुण्याच्या मामेभावाने ती वापरून टाकलेली होती. तिची चाके रबराची, बॅटरी ७.२ व्होल्टची, आणि मागची दोन चाके फिरवणारी विजेची मोटर जुनी. घरासमोरच्या कोबा केलेल्या अंगणात मुलाने ती सोडली. सरळ ती वाऱ्यासारखी धावली. पण वळण येताच रबराने जमीन धरून ठेवली आणि गाडी कोलांटी खाऊन पडली.

मुलास वाटले, वेग कमी पडतो. अधिक दाबाची बॅटरी बसवावी, की झाले. सर्वांना प्रथम हेच सुचते. वडिलांनी मात्र साफ सांगितले, “ही मोटर जळली तर दुसरी आणायची नाही.” दहा मिनिटे चालवल्यावर मोटरीला बोट लावून मुलाने पाहिले आणि बॅटरीचा विचार त्याचा त्यानेच सोडून दिला.

पडवीत आजोबा बसलेले असत. त्यांचा जन्म बैलगाडीबरोबर गेलेला. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरे, तेव्हा ते अजूनही सकाळपासून तेथे जाऊन बसत; पण घरची बैलजोडी कधीच विकली होती आणि गाडी पत्र्याच्या छपराखाली धूळ खात होती. आरे, तुंबा, आस यांविषयी त्यांना कोणी काही विचारावे, असे कित्येक वर्षांत घडले नव्हते.

“आजोबा, ही घसरायला पाहिजे, पण हिचं रबर सोडतच नाही,” मुलगा म्हणाला.

“मग रबर काढ. लाकडाच्या चाकाला आम्ही कुठं रबर लावत होतो? लोखंडाची धाव असायची.”

धाव म्हणजे बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी पट्टा. तो लाल होईपर्यंत तापवीत, पसरला की चाकावर चढवीत आणि वर पाणी ओतीत. थंड होताना लोखंड आकसे व लाकडास घट्ट आवळी. मुलाच्या घरी लोखंड नव्हते, पण शेतातील पाइपाचे तुकडे होते. आजोबांनी करवतीने चार सारखी कडी कापून दिली. मुलाने चाकांवरचे रबर सोलले आणि कडे घट्ट बसेल इतकी चिकटपट्टी गुंडाळली. आईने कडी उकळत्या पाण्यात मऊ करून सांडशीने उचलली. चाकावर चढवून वर गार पाणी ओतले. पाइपाचे प्लॅस्टिक लोखंडासारखेच आकसले. आजोबांनी अंगठ्याने कडे फिरवून पाहिले. ते जागचे हलेना. मग ते बराच वेळ चाक हातात घेऊन बसले.

आता गाडी घसरू लागली. नव्हे, ती घसरण्यावाचून दुसरे काही करीना. जरा वेग दिला की शेपूट पुढे येई आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरे. मुलाने एकाच दिवशी बॅटरी हलवली, स्प्रिंगा बदलल्या आणि पुढच्या चाकांचा कोन वाढवला. गाडी सुधारली खरी, पण कशाने सुधारली हे सांगता येईना. तेव्हा त्याने सारे पूर्ववत केले, एक जुनी वही घेतली आणि एका दिवशी एकच बदल करून त्याचे फळ लिहून ठेवण्यास आरंभ केला. हे काम कंटाळवाणे असते. वहीतील पुष्कळ पानांवर “फरक नाही” एवढेच लिहिलेले आहे, आणि ती पाने इतरांइतकीच मोलाची आहेत.

बॅटरीची जागा ठरवताना आजोबा पुन्हा कामास आले. बैलगाडी भरताना भार आसाच्या पुढे फार झाला तर बैलांच्या मानेवर ओझे पडते. मागे फार झाला तर गाडी उलाळ होते, म्हणजे तिचे जू वर उचलले जाते. भरणाऱ्याची परीक्षा तेथेच होते. मुलाने बॅटरी बोटभर मागे सरकवली. मागच्या चाकांवर भार येताच त्यांना थोडी पकड आली आणि गाडी घसरत असतानाही पुढे रेटू लागली. आणखी बोटभर सरकवली, तर शेपूट लंबकासारखे झुलून परत येईना. अखेर बॅटरी या दोहोंच्या मधोमध बसली.

पुढची चाके उलट दिशेस पुरेशी वळत नव्हती. कारण त्यांना अडवणारा प्लॅस्टिकचा एक उंचवटा होता. तो मुलाने कानशीने घासला, पण रोज थोडा थोडाच. बॅटरी पुन्हा जागेवर आणता येते, घासलेले परत येत नाही. महाग गाड्यांत जायरोस्कोप नावाचा एक लहानसा भाग असतो. गाडीचे तोंड किती वेगाने फिरते हे ओळखून तो पुढची चाके आपोआप वळवतो. या गाडीत तो नव्हता. ते काम मुलाच्या बोटांना करावे लागले. बोटे शिकण्यास बारा दिवस लागले, आणि त्यात तोटा झाला असे मुळीच वाटत नाही.

तेराव्या दिवशी उजव्या वळणावर गाडी धान्याच्या कोठीभोवती अर्धा वेढा घेऊन, कोठे न अडखळता, आडवी घसरत गेली. आजोबांनी काठी आपटली. डाव्या वळणावर मात्र ती दर वेळी बाहेर फेकली जाई. मुलाने चाके तपासली, स्प्रिंगा मोजल्या, दोन्ही बाजूंचे स्क्रू पाहिले. सर्व सारखे होते. वहीत तीन दिवस “कारण सापडत नाही” असे लिहिले गेले.

चौथ्या दिवशी आजोबा तांब्या घेऊन अंगणात आले. त्यांनी मधोमध पाणी ओतले. एवढ्या पावसाच्या मुलखात अंगण कोणी सपाट करीत नाही. पाण्याचा ओघळ क्षणभर थबकला आणि ज्या बाजूस गाडी फेकली जाई, त्याच बाजूच्या मोरीकडे चालू लागला.