रिग्जसारखा पोलीस नको

धाकट्या भावाची पोलीस भरतीची तयारी चालू आहे. पहाटे मैदानावर १६०० मीटर धावतो, रात्री मोबाईलवर पोलिसांच्या मालिका बघतो. सध्या ‘लीथल वेपन’ चालू आहे. काही भाग मीही त्याच्यासोबत पाहिले. मध्येच तो म्हणाला, “दादा, पोलीस व्हायचं तर रिग्जसारखं. कुणाच्या बापाचं ऐकत नाही.” तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय.

ही मालिका फॉक्स वाहिनीने २०१६ ला आणली. मूळ सिनेमा १९८७ चा. लॉस एंजेलिसचे दोन पोलीस: गोरा, जिवावर उदार झालेला रिग्ज आणि काळा, घरसंसारी मर्टॉ. नव्या मालिकेत मर्टॉला मोठं घर आहे, बायको वकील आहे. प्रतिनिधित्व मिळालं म्हणून टाळ्या वाजवायच्या का?

जुने सिनेमे काही क्रांतिकारक नव्हते. मारधाडीचा धंदाच होता तो. तरी १९८९ च्या दुसऱ्या भागात खलनायक होते वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचे राजनैतिक अधिकारी. तेव्हा मंडेला तुरुंगात होते. १९९२ च्या तिसऱ्या भागात मर्टॉच्या गोळीने एक काळा पोरगा मरतो, तो त्याच्याच मुलाचा मित्र निघतो आणि मर्टॉ कोसळतो. त्या सिनेमात गोळीला किंमत होती.

मालिका आली त्या वर्षी अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने मेलेल्या काळ्यांसाठी लोक रस्त्यावर होते. पण मी पाहिलेल्या भागांत रिग्ज नियम मोडतो, गाड्यांचा चुराडा होतो, कॅप्टन ओरडतो आणि आपण हसतो. मर्टॉचा रंग उरला, रंगाचा प्रश्न गेला.

कुणी म्हणेल, करमणुकीत कशाला राजकारण? अरे, नियम मोडणारा पोलीस म्हणजे हिरो, हे राजकारण नाही तर काय?

बाबासाहेबांनी १९४६ ला डु बॉईस यांना पत्र लिहिलं. १९७२ ला आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं. तिथल्या काळ्यांशी आपलं नातं जुनं आहे. आणि कुणाचंच न ऐकणारी बंदूक आपल्याला नवी नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसं गेली. त्यावर कोण हसेल?

भावाला मी भरतीला जाऊ नको म्हटलं नाही. खाकी आपल्याही अंगावर चढली पाहिजे, पण त्या खाकीखाली संविधान असलं पाहिजे. त्याला कलम २२ वाचून दाखवलं: अटक केली की कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं.

तो म्हणाला, “हे मालिकेत कुठे दाखवतात?”

म्हटलं, “म्हणूनच तू लक्षात ठेव.”

जय भीम!